सूचक क्रमांक दहा

मडगावला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर माझं टेबल.
लॅपटॉप माझा, वीज झेरॉक्सवाल्या कायतानची.
भाडेकरार, घटस्फोट, मुंडकारांचे अर्ज,
आणि पाच वर्षांतून एकदा
खासदार व्हायला निघालेले लोक.

शेवंती वेळीप काणकोणातल्या खोला गावाहून आली
ती शेवटच्या दिवशी, दीड वाजता.
तीनला दार बंद.
वय एकेचाळीस. पंचवीस पुरतात.
शिक्षण चौथी. त्याला अट नाही,
नुसता रकाना आहे.

गाडी? नाही. विमा? नाही. कर्ज?
सोसायटीचं होतं, फिटलं.
गुन्हे?
पाण्यासाठी एकदा रस्ता अडवला होता,
फौजदाराने नावं लिहून घेतली, चहा पाजला, सोडून दिलं.
जमीन? कसतो आम्ही. कागदावर कोण, ते तुम्हीच बघा.

रिकामं सोडलं तर अर्ज उडतो, मी म्हटलं,
निरंक लिहावं लागतं.
"नाशिल्लेंय बरोवचें पडटा?"
ती हसली, आणि मी
सतरा वेळा निरंक लिहिलं.

अनामत साडेबारा हजार,
जातीचा दाखला जोडला म्हणून निम्मी.
नोटा मिरचीच्या पिशवीतून निघाल्या.
मोजताना कारकून तीनदा शिंकला
आणि तीनदा पुन्हा एकपासून सुरू झाला.

पक्षाच्या माणसाला एक सूचक पुरतो.
अपक्षाला दहा.
दहा जणांना घेऊन आली होती, पिकअपमध्ये बसवून.
दहावीचं नाव यादीत सापडेना:
लग्न होऊन खोल्यात, नाव अजून कारवारला.
अडीच वाजले.
शेवंतीबाईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही,
म्हणूनच बहुतेक मी उठलो.
माझा भाग क्रमांक, अनुक्रमांक मला पाठ आहेत.
दुसऱ्यांचे टाईप करता करता आपलेही होतात.

छाननीत अर्ज टिकला.
चिन्ह तिने मिरची मागितलं.
मिरची आणखी एकालाही हवी होती,
चिठ्ठी त्याची निघाली.
तिला फणस मिळाला.
बरा की, म्हणाली, काटे आहेत.

सहावा हिस्सा मतं मिळाली तर अनामत परत.
तिला किती मिळाली ते सांगत नाही,
साडेबारा हजार सरकारजमा झाले एवढं पुरे.

मग केंद्रवार आकडे लागले.
तिच्या गावच्या शाळेत दोनशे बारा.
आमच्या बूथवर
एक.

तो मी नव्हे.
आत गेलो होतो, बोट फणसापाशी नेलंही होतं,
पण मत फुकट जाईल असं वाटलं
आणि बोट चार ओळी वर सरकलं.
दहा जणांत माझी सही आहे.
कार्यालयातल्या कपाटात असेल अजून.

जानेवारीत काणकोणच्या बसने एक पुडी आली,
वर बॉलपेनाने: सूचक क्र. १० यांस.
आत खोल्याच्या मिरच्या, लालभडक, सुकवलेल्या.

बायको आता हुमणात
दोन जास्तच टाकते.
मी तिला काही विचारत नाही.