टपोरी

स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं,
टपोरी आहे हो तो, सातवी ब मधला चिट्याल.
भाषा बघा त्याची.
मी वही ओढली. लाल पेन माझ्याच खिशात होतं.

विषय : माझे वडील.
"पप्पा घरात पण वरडूनच बोलतोय.
आई म्हणती, हळू बोल की, शेजारी झोपलेत.
पप्पाला हळू येतच नाही बे.
बारा तास माग वरडतंय,
त्याच्यावर चढवून बोलावं लागतंय.
मग घरी येऊन आवाज
चप्पल काढल्यासारखा निघत नाही."

'निघत नाही'खाली रेघ मारली, का ते ठाऊक नाही.
'बे'भोवती गोल केला.
गोलात ते अक्षर
धोट्यात बसवलेल्या कांडीसारखं दिसायला लागलं.

तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला
नवी पेठेत, चपलांच्या दुकानात.
दादा म्हणाले, जवळनं दाखीव की बे,
लांबनं काय दावतो.
मालक गल्ल्यावरून नोकराला म्हणाला,
बघ रे, टपोरी गिऱ्हाईक आलंय.
दादांना ऐकू गेलं नाही.
मला गेलं. मी अकरा वर्षांचा.
चप्पल सहा महिने टिकली.

मग मी 'अहो' शिकलो, 'कृपया' शिकलो,
गल्लीच्या टोकावरून हाक मारणं सोडलं,
मुलाखतीत प्रत्येक 'ण' जागेवर ठेवला.
दादा आईला विचारायचे,
पोरगं हळू बोलतंय, ताप हाय काय बे त्याला?

शेवटी त्यांचा कान पार गेला.
मागावरची माणसं ओठ वाचतात,
ते आईचे वाचायचे, शेजारच्या अंबादासचे,
टीव्हीतल्या बाईचेसुद्धा.
माझे त्यांना वाचता आले नाहीत.
शुद्ध बोलताना ओठ फार कमी हलतात.

चिट्यालला सहा दिले, खोडून आठ केले.
म्हटलं, छान आहे. तेवढा 'बे' काढ.
तो म्हणाला, काढतो की सर.
पण मग ते पप्पा वाटंना.

संध्याकाळी अक्कलकोट रोडला
एका शेडच्या भिंतीशी गाडी थांबवली.
आत चादरी निघत होत्या, पत्रा थरथरत होता.
आजूबाजूला कुणी नाही बघून
म्हणून बघितलं, का बे.
पुन्हा, जरा मोठ्यानं.

आवाज मधेच फाटला.
माग चालूच होते.