चुकीचं उत्तर

कार्डावर पाटा-वरवंट्याचं चित्र होतं.
मी विचारलं, ओठ मोठे करून, हातवारे करून :
याचं काय करतात?
पुस्तिकेत उत्तर छापलेलं : वाटतात.
राजनंदानं डाव्या मुठीत काहीतरी उभं धरलं,
जे नव्हतं,
आणि उजव्या मुठीनं त्यावर ठोकलं.
तीनदा. मग फुंकर मारून भुकटी उडवली,
जी नव्हती.
मी रकान्यात फुली मारली.

सलग पाच फुल्या झाल्या की थांबायचं असतं.
मी थांबले.
'आकलन कमी. मतिमंद वर्गासाठी शिफारस.'
अक्षर माझंच, वळणदार,
बी.एड.ला बक्षीस मिळालेलं.

त्याच आठवड्यात जुळे सोलापुरात आशुतोषची फाईल केली.
त्याच्या आईनं चहा दिला, बशीत दोन नानकटाया,
आणि कायद्याची कलमं तोंडपाठ म्हणून दाखवली.
त्याला दोन्ही कानांना मशीन, पुढचा बाक,
परीक्षेला वाढीव वेळ.
मी लिहिलं : हुशार आहे, फक्त ऐकू येत नाही.

'फक्त' हा शब्द मला तिकडं सुचला.
सेटलमेंटात सुचला नाही.

हिच्या कानांचा आलेख निघाला दीड वर्षानं,
सिव्हिलमध्ये, चौथ्या खेपेला.
दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीशी धरले.
एकच रेघ दिसली.

तिचे वडील शाळेच्या पायरीवर उकिडवे,
खुर्ची दिली तरी.
"येडी न्हाई ओ ती, बाई.
दगडाला हात लावून सांगती, टाकी कुठं बसली न्हाई ते."
मी म्हणाले, मशीनच्या अर्जाला जातीचा दाखला लागेल,
एकसष्टच्या आधीचा पुरावा आहे का?
ते हसले. "हाय की. तारंच्या आत
आमच्या आज्जाची रोज हजेरी घ्यायचे.
ती वही सरकारकडंच असंल."

आणि ही
चौथीच्या शेवटच्या बाकावर, वेणीला लाल रिबीन,
नाव पुकारलं की
फळ्याशी उडणारी खडूची धूळ बघत बसायची.
सर पुढच्या नावावर जायचे.
वर्षाअखेर गैरहजर : एकशे बारा दिवस.
त्यातल्या एकाही दिवशी
ती घरी नव्हती.

एप्रिलमध्ये गेले त्यांच्या दारात. पत्रा तापलेला.
शेंगाचटणीवाल्याचं उखळ आलं होतं टाकी लावायला.
मिक्सरनं बाकीचं गिऱ्हाईक कधीच नेलं.
वडील ठोकत होते, ती काठावर तळवा ठेवून.
एका जागी तिनं बोट उचललं.
वडिलांनी मागं येऊन तिथं पुन्हा घाव घातला.
मग माझा हात ओढून तिनं दगडावर दाबला.

मनगटापर्यंत आलं काहीतरी.
त्याला पुस्तिकेत रकाना नाही.

कार्यालयात म्हणाले, जुनी नोंद खोडता येत नाही, मॅडम,
नवीन अर्ज वरून लावा, जुना खाली राहू द्या.
लावलाय. जून गेला, दिवाळीही गेली.
राजनंदा अजून त्याच वर्गात मणी ओवते,
लाल एक, पिवळे दोन,
आणि संपले की दोरा उलटा करून सगळे सांडते.

सोमवारी आणखी तीन मुलं तपासायची आहेत.
पुस्तिका पर्समध्ये आहे.
छापील उत्तराशेजारी मी लिहिलंय : टाकी लावतात.

पेन्सिलीनं.