सरकारतर्फे

बावीस वर्षं उभी राहिले किल्ला कोर्टात
'सरकारतर्फे' म्हणून.
आरोपी बदलत, साहेब बदलत,
पंच मात्र तोच, फाटकाजवळचा रसवाला,
सतरा पंचनाम्यांवर एकच थरथरती सही.
सरकार दिसतं कसं, हे मला कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

मग वरून एक योजना आली
आणि मला टेबल मिळालं बोरा बाजारात,
बंद छापखान्याच्या माळ्यावर,
दर बुधवारी, चार ते सात.
पाटी लावली : वस्ती अभियोग कक्ष.
खाली खडूनं कुणीतरी लिहिलं :
इथे झेरॉक्स मिळत नाही.

पहिल्या बुधवारी एक मांजर आलं.
दुसऱ्या बुधवारी खुर्शेदबाई,
एका हातात काठी, दुसऱ्यात विजेचं बिल.
"तू सरकार हाय ने? मग वर चल."
मेहेर मॅन्शन, चार मजले, दिवा नाही.
दुसऱ्या वळणावर पन्नी, जळक्या काड्या,
आणि भिंतीला पाठीचा तेलकट ठसा,
माणूस उठून गेला तरी बसलेला.
मी मनात कलम शोधत होते.
त्या पिशवीत बल्ब.

सुगंधा कांबळे आली, बँकेत रात्रीची झाडलोट करणारी.
"तक्रार नाय लिहायची, बाई. नुस्तं सांगायचंय."
मिंट रोडवरून पहाटे जाताना
ती पिशवीत वरवंटा ठेवते.
एकदा गस्तीवाल्यानं तोच धरला : हत्यार!
"म्हटलं, साहेब, चटणी वाटते मी यानं.
तर म्हणाला, कुणाची?"
हसली. मग हसायची थांबली.
वहीत हे कुठल्या रकान्यात घालावं
मला कळेना.
मी नवा रकाना आखला, नाव न देता.
महिन्याभरात तोच सगळ्यात लांब झाला.

आणि मग निल्या घाग, वय एकोणीस,
मेहेर मॅन्शनची पितळी अक्षरं
पेचकसानं उपटताना सापडलेला.
पहिलाच गुन्हा, किंमत साडेतीन हजार.
कलमांचे आकडे आता बदललेत,
हातांचा कंप बदलत नाही.
मुद्देमाल परत मिळाला, एक 'र' सोडून.
तो भंगारात वितळला असावा.

गल्लीला विचारलं : काय हवं?
रद्दीवाला म्हणाला, दोन ठेवून द्या.
घड्याळवाला म्हणाला, आत टाका, महिनाभर तरी शांतता.
खुर्शेदबाई म्हणाल्या, आत टाकून
माझा जिना कोण झाडनार?

'मे. कोर्टात' अर्ज दिला.
मे. म्हणजे मेहेरबान, आम्ही रोज लिहितो,
पूर्ण शब्द लिहायला कुणाला वेळ आहे?
साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं :
"सामाजिक सेवा, तीस संध्याकाळी. सरकारची हरकत?"
हरकत नाही, म्हटलं,
आणि पहिल्यांदाच सरकारला
खोकल्याची उबळ होती, काठी होती,
पिशवीत वरवंटा होता.

आठ संध्याकाळी निल्यानं जिना झाडला.
ठसा घासला, गेला नाही, फिकट झाला.
नवव्या दिवशी आला नाही.
दहाव्याही.
रद्दीवाला मला पाहून घसा खाकरू लागला.
मी अहवालाचा मसुदा केला :
अटींचा भंग. सरकारतर्फे विनंती की...

अकराव्या संध्याकाळी आला,
डोळे तांबारलेले, खिसा जड.
टेबलावर ठेवला 'र', पितळेचा,
आमच्या अक्षरांपेक्षा बोटभर मोठा,
वळणही वेगळं,
एका भोकात अजून दुसऱ्या भिंतीचा चुना.

"कुठून आणलास?"
तो मांजराकडे बघत राहिला.

कुठल्यातरी गल्लीत आत्ता
एका इमारतीचं नाव अडखळत असेल.
मसुदा माझ्या हाताखाली होता,
पेनचं टोपण दातात.

खुर्शेदबाईंनी 'र' उचलला, उजेडात धरला.
उजेड आता होता जिन्यात, चाळीस वॅटचा, पिवळा.
"मोठा हाय," म्हणाल्या,
आणि स्क्रू आणायला वर गेल्या,
एकेक पायरी,
काठी टेकत.