लॅपटॉप परत करताना

लॅपटॉप परत करायच्या आधी
त्यावरचा स्टिकर मी नखाने खरवडते आहे.
गुलाबी कांदा, चष्मा घातलेला.
अंबडच्या जुन्या ऑफिसात आम्ही सहा जणांनी
कांद्याच्या चाळीतला ओलावा मोजणारं सॉफ्टवेअर लिहिलं,
त्याचं हे एवढंच बक्षीस.

जा, म्हणाले होते पगार सर.
आडनावच पगार. आणि पगाराची तारीख
पाचाची सात, साताची दहा.
काय काय जोक केलेत आम्ही त्यावर.
जा, म्हणाले, तिकडे शिकायला मिळेल,
इथे पत्र्याखाली बसून किती दिवस
माझ्याच चुका निस्तरशील.

तिकडे म्हणजे इथे.
मुंबई नाका, सातवा मजला, सगळी काच.
मुलाखतीच्या चार फेऱ्या.
फळ्यावर झाड उलटं करून दाखव म्हणाले, केलं.
मिनिटाला दहा लाख विनंत्या आल्या तर?
झेलल्या, बाणबिण काढून.
हुद्दा मिळाला सीनियर प्लॅटफॉर्म इंजिनिअर.
आईने पाठ केला, पण जिना उतरेपर्यंत
त्यातलं प्लॅटफॉर्म तेवढं उरलं.
गांगुर्डे काकू म्हणाल्या, अगं बाई, रेल्वेत लागली!

पहिल्या आठवड्यात ॲक्सेस नव्हता.
दुसऱ्यात मिळाला, वाचण्यापुरता.
तिसऱ्यात कळलं, कोड इथे कुणी लिहीतच नाही.
तो रात्री दुसऱ्या देशातून येतो,
आपण सकाळी नीट उतरला का बघायचं
आणि तक्त्यात ‘होय’ भरायचं.
‘नाही’सुद्धा होतं तक्त्यात,
पण ते भरलं की मीटिंग लागायची.
म्हणून होय.
डिसेंबरअखेर एकशे चाळीस वेळा होय.
झाड तिकडे फळ्यावर उलटंच.

कुणी वाईट वागलं असतं तर सोपं गेलं असतं.
कॉफी चांगली. खुर्ची कंबरेला धरून ठेवणारी.
निनाद, माझा मॅनेजर, दर शुक्रवारी विचारायचा,
सेटल झालीस ना?
साखर विरघळते तशी, की गाळ बसतो तशी,
हे विचारायचं राहून गेलं.

बाबा नाशिक रोडच्या प्रेसमध्ये होते, तेहतीस वर्षं,
छापलेल्या नोटांतले डाग शोधायला.
कंटाळा नाही आला? मी विचारलं एका रात्री.
भाकरीचा तुकडा हातातच ठेवून म्हणाले,
सापडायचा ना पण डाग.

जानेवारीत एकदा जेवणाच्या सुट्टीत स्कूटर काढली,
पाथर्डी फाट्यावरून वळले
आणि त्या शेडसमोर जाऊन उभी राहिले.
शेजारच्या वर्कशॉपात लेथ किरकिरत होतं.
माझ्या खुर्चीत एक मुलगा,
पाठीला पोक, दातांत पेन,
स्क्रीनभर लाल ओळी.
चुकत होतं त्याचं. काय सुंदर चुकत होतं.
पगार सर बाहेर आले.
परत ये म्हणाले नाहीत,
जागा भरली हेही म्हणाले नाहीत.
चहा मागवला, तीन कप,
तिसरा त्या मुलाला.

आता सोमवारपासून सातपूर.
द्राक्षांच्या पेट्या वजन करून वेगळ्या काढणारं मशीन,
पाच माणसं, अठरा हजार कमी.
मुलाखत अशी की मशीन बंद पडलेलंच होतं,
त्यांनी स्क्रू ड्रायव्हर हातात दिला.
हेही फसेल कदाचित.
चार महिन्यांत दोन नोकऱ्या, बायोडेटा वाचणारा
भुवई उचलेल, उचलू दे.

शर्वाणीने एक्झिट फॉर्म पाठवलाय.
सोडण्याचे कारण, एकच निवडा:
पगार, प्रवास, लग्न, आजारपण, उच्च शिक्षण.
माझं त्यात नाही.
बराच वेळ बघत बसले
आणि ‘पगार’वर टिचकी मारली.
अगदीच खोटंही नाही ते.

कांदा निघाला.
चष्मा काही निघत नाहीये.