उसनी खुर्ची

खुर्ची माझी. तसं कुठं लिहिलेलं नाही.
वरच्या मजल्यावरून ब्रोंकाबाई आल्या,
म्हणाल्या, आठवडाभरासाठी द्या.
याला तीन हिवाळे झाले.

वूच शहरातल्या गिरणीत त्यांनी एकतीस वर्षं
चादरींच्या कडा दुमडल्या.
त्याच गिरणीत आता कलादालन,
दालनात त्यांची चादर :
दोन कोपरे माझ्या खुर्चीच्या पाठीला,
दोन भिंतीतल्या खिळ्यांना.
बस्स. इस्त्रीसुद्धा नाही.

आधी बरंच काही होतं म्हणे –
लाकडी चिमटे, पोचे आलेली किटली, झेनोनच्या सपाता.
एकेक करून त्यांनी घरी नेलं.

उद्घाटनाला कुणा पोरानं
झोळ पडलाय म्हणून खुर्ची मागं ओढली.
बाई धावल्या. पुन्हा पुढं सरकवली,
चार बोटं.
"तो इतकं ताणत नसे," म्हणाल्या,
"घडी घालताना माझ्याकडे
थोडं सैल सोडायचा."

घरी आले.
ओट्याशी उभ्यानंच बिटाचं सूप प्यायले.
दोरीवरची चादर वाळली होती.
एकटीनं घडी घालायला गेले,
तर टोक फरशीला लागलं.
खुर्ची परत मागावी का,
विचार करतेय.