घंटेची पाळी

पाळीच्या वहीत सलग चौथा महिना माझंच नाव.
अक्षरही माझंच, मग तक्रार कुणाकडे करायची?
पूर्वी या पानावर बावीस नावं दाटीवाटीनं बसायची.
आता फुलं मी, झाडू मी,
मेणबत्त्यांचं मेण नखानं खरवडणारी मी,
आणि तोराझोकाकांचा खांदा निखळल्यापासून
घंटेचा दोरही मीच ओढते.

फादर शिराहामा मोठ्या बेटावर राहतात.
दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी नौकेनं येतात,
मिस्सा करतात, त्सुरुएकडे रताळ्याचा भात खातात
आणि वारा फिरायच्या आत निघतात.
पापं सांगायला तेवढा वेळ पुरतो.
या वयात नवी पापं कुठली,
तीच ती, धुऊन वाळत घातलेली:
सुनेला फोनवर टाकून बोलले,
शेजारच्या बोटीला मासळी लागली तेव्हा तोंड फिरवलं.

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी समुद्र उठला.
सातलाच धक्क्यावर पाटी लागली: फेरी रद्द.
मी तरी गेले.
चपला दारात काढल्या, गार फळ्यांवर पाय टेकले,
आईची पांढरी जाळी डोक्यावर घेतली.
दोन ठिकाणी ती मी जाळ्याच्याच दोऱ्यानं सांधलीय.
काचेतली लाल त्सुबाकीची फुलं
एरवी जमिनीवर उतरतात,
त्या दिवशी ती वरच राहिली.

आम्ही सहाजण, बाकं सोळा.
तरी कुणी पुढं सरकत नाही.
जो तो आपल्या जागी,
मधे मेलेल्यांसाठी सोडलेली जागा.
फादर नाहीत तर जपमाळ म्हणू, त्सुरुए म्हणाली,
आणि तेवढ्यात दार करकरलं.

ट्यूना पाळतात ना खाडीपलीकडच्या पिंजऱ्यांत,
तिथली कामगार पोरं. नऊ.
भिजलेले रेनकोट, मोज्यांना भोकं.
व्हिएतनामची, न्घे आनची, एकीनं सांगितलं,
आमच्या भाषेत, एकेक शब्द चाचपत.
मधल्या जागांवर ती बसली.
कुणाच्या जागेवर कोण बसलंय
ते मी मनात मोजत राहिले,
योहाने सेन्साकूच्या जागेवर तर केस रंगवलेला पोरगा.

अर्धी जपमाळ आमची, अर्धी त्यांची.
आम्ही "नमो मरिये" म्हणतो ते सपाट, दळण दळल्यासारखं.
त्यांचं वरखाली होतं,
लाटेवर होडी चढावी तसं, आणि उतरावी.
एक अक्षर कळेना.

माझी पणजी सांगायची,
तिच्या पणजीकडे प्रार्थना अशाच आल्या होत्या,
अडीचशे वर्षं लपवलेल्या,
चुलीपाशी, ओठ न हलवता.
शब्द झिजून गोटे झालेले.
अर्थ विचारला की म्हातारी चिडायची:
अर्थ त्याला कळतो, तू मोजायचं चुकू नको.

मी मोजायचं चुकले नाही.
पन्नासाव्या मण्याला
कुणीतरी शिंकलं, आणि आम्ही सगळे हसलो.

नंतर चहा. त्सुरुएनं रताळ्याचा भात
सहाचा पंधराजणांत कसा केला ते तिलाच ठाऊक.
त्यांनी तिखट मासळीची बाटली काढली.
तोराझोकाकांच्या डोळ्यांतून पाणी आलं,
आणखी द्या म्हणाले.

क्वेन नावाची ती मुलगी
दोराकडे बघत उभी होती.
बाराची वेळ झालीच होती.
तीन, थांब, तीन, थांब, तीन, मी बोटांनी दाखवलं,
मग शेवटची, सलग.
तिनं मान डोलावली
आणि सुरुवातच सलग केली.
टाचा जमिनीवरून उचलल्या, दोरासोबत वर गेली,
थांबेचना.

आमच्याकडे अशी घंटा माणूस गेल्यावर वाजते.
खालच्या आळीतून हामासाकीची म्हातारी
एप्रनला हात पुसत चढाव चढून आली,
पाच वर्षांत जी पायरी चढली नव्हती.
कोण गेलं, तिनं धापा टाकत विचारलं,
आणि एवढी चपलांची गर्दी कुणाची?

संध्याकाळी वही उघडली.
पुढचा महिना, पहिली ओळ.
क्वेन कसं लिहायचं ते मला येईना.
पेन्सिलीनं लिहिलं, खोडलं,
मग जागा तशीच ठेवली.
रविवारी तीच लिहील.