पोटात घाल

तार मीच कापली होती.
एप्रिलात, खालच्या कुरणात, समुद्राच्या अंगाला,
वादळानं जिथे दोन खांब उपटून टाकले होते.
पक्कड बोथट, बोटं गारठलेली,
तुकडे पडले तिथे पडू दिले.
करंगळीएवढे तर होते. कोण वाकतंय.

गवत वाढलं. मी ते कापलं, गठ्ठे बांधले,
आणि जानेवारीत सेरेजापुढे टाकले.

गाय आधी चावत नाही, गिळते.
चावायचं ते मागाहून,
निवांत बसून, डोळे अर्धे मिटून.
तोवर जे पुढ्यात येईल ते आपलंच,
असं धरून चालते बिचारी.

तीन दिवस तिनं रवंथ केला नाही.
दूध बादलीच्या तळाला.
पाठीची कमान, पुढची कोपरं बाहेर फाकलेली,
आणि उतारावर पाऊल टाकायला तयार नाही.
आमचं साओ जॉर्ज म्हणजे नुसता उतार.
इथे जी गाय उतरत नाही
तिनं जायचं कुठे?

"तिला काहीतरी टोचतंय," देओलिंदा म्हणाली.
"थंडी बाधली असेल," मी म्हणालो.

वेलासहून डॉक्टर फिलोमेना आल्या, गाडीभर चिखल घेऊन.
डाव्या कुशीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकत राहिल्या.
"मुकं आहे," म्हणाल्या, "पोट."
मग खांद्यामागची कातडी चिमटीत धरून दाबली.
धड गाय पाठ खाली घालते.
सेरेजा ताठ राहिली आणि कण्हली,
बाकावरून उठताना म्हातारी माणसं कण्हतात तशी,
कुणाला ऐकू जाऊ नये इतपत.

"पहिल्या पोटाच्या पुढे दुसरं,
मधमाशांच्या पोळ्यासारखं घरं घरं असलेलं.
जड काही गिळलं की तिथेच पडतं.
त्याच्या पुढे एक पातळ पडदा,
आणि पडद्यापलीकडे काळीज.
तार कुठे कापली होती का कुणी?"

मी कुत्र्याकडे पाहिलं.
देओलिंदानं माझ्याकडे पाहिलं,
आणि काही बोलली नाही.

टोरांटोतली माझी तीन वर्षं, चार पत्रं,
तिच्या बापाचं विकलेलं शेत,
ती दुसरी बाई, जिचं नाव आमच्या घरात
आजवर कुणी उच्चारलेलं नाही:
जड ते तिथेच पडतं.

डॉक्टरांनी लोहचुंबक आणला होता,
अंगठ्याएवढा, गोल कडांचा, गुळगुळीत.
जबड्यातून नळी घालून घशापार उतरवला.
"आता हा तिथेच राहील, ती आहे तोवर.
तार धरून ठेवेल. विरघळणार नाही काही,
फक्त पुढे सरकणार नाही."
पेनिसिलीन दिलं. पुढच्या पायांखाली फळ्या रचायला सांगितल्या,
जड सगळं मागे झुकावं म्हणून.

दहा दिवस गोठ्यात सेरेजा अशी उभी,
पुढून उंच, चर्चच्या पायरीवर थबकल्यासारखी.
मी रात्री तिथेच बसायचो, पोत्यावर.
समोर पिको बेटाचे दिवे. वारा.
आठव्या रात्री तो आवाज आला:
घशातून काही वर आलं,
आणि दाढा फिरू लागल्या, सावकाश, तिरप्या.
मी देओलिंदाला उठवायला गेलो. ती जागीच होती.

डॉक्टर पुन्हा आल्या तेव्हा विचारलं,
"घरात होकायंत्र आहे का?"
आजोबांचं होतं, देवमाशांमागे जाणाऱ्या होडीवरचं,
पितळी, झाकणावर पोचा.
देओलिंदानं ते सेरेजाच्या डाव्या कोपरामागे धरलं.
इतकी वर्षं उत्तर सोडून कुठे न वळलेला काटा
थरथरला,
फिरला,
गाईकडे बोट करून उभा राहिला.

"आहे जागेवर," डॉक्टर म्हणाल्या.
देओलिंदानं झाकण मिटलं. "धार काढायचीय," म्हणाली,
आणि बादली माझ्या हातात न देता
स्वतःच घेऊन बसली.

मी खालच्या कुरणात गेलो.
कुंपणाच्या कडेनं गुडघ्यांवर, ओल्या मुळांतून हात फिरवत,
अंधार पडेतो.
सात तुकडे कापल्याचं आठवतं.
पाच सापडले.